माणूस हरवल्यावर पोलीस शोधाची पद्धत कशी ठरवतात? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे मामा हरवले त्या दिवशी पोलीस ठाण्यातल्या बाकड्यावर बसून मी एकच गोष्ट विचारत होते, "साहेब, शोध सुरू कधी होणार?" तो सुरू झालेला होता, मला कळत नव्हतं एवढंच. समोरचे हवालदार मामीला विचारत होते की मामांनी सकाळी चहा घेतला का, चप्पल कुठली घातली, घरातून काय नेलं. मला वाटलं, वेळ वाया चाललाय. त्यानंतर अनेक घरच्यांबरोबर मी मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, नोंदवायला गेले. शोध कुठल्या दिशेला, किती माणसं घेऊन आणि कशाच्या मदतीनं करायचा हे याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं, हे हळूहळू उमगलं. लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथं लिहून ठेवते आहे.

चोवीस तास थांबावं लागतं का?

नाही. असा कुठलाही नियम नाही. माणूस नेहमीच्या वेळेला आला नाही, फोन लागत नाही आणि तुमचं मन खात असेल, तर लगेच जा. ११२ वर फोन केला तरी चालतो. लहान मूल असेल तर १०९८ ही चालतो.

कुठल्या ठाण्यात जायचं? आमची हद्द कुठली तेच कळत नाही.

सोलापुरात हा घोळ खरोखर होतो. शहराला पोलीस आयुक्तालय आहे, बाकी जिल्ह्याला ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. रेल्वे स्टेशन आणि गाडीतलं प्रकरण असेल तर लोहमार्ग पोलीस वेगळे. शहराला चिकटलेल्या कुंभारीत राहणारा माणूस स्वतःला सोलापूरचाच समजतो, पण त्याची हद्द ग्रामीणची. तुम्ही त्यात अडकू नका, जवळचं ठाणं गाठा. गुन्ह्याची शंका असेल तर हद्द नसतानाही ठाण्याला झिरो एफआयआर घेता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. माणूस शेवटचा कुठं दिसला तेही सांगा, कारण शोध तिथून सुरू होतो. घर दक्षिण सोलापुरात आणि शेवटचा दिसला एसटी स्टँडवर, तर दोन्ही ठिकाणी हालचाल व्हायला हवी.

इतके बारीक प्रश्न का विचारतात?

मिसिंगच्या नोंदीत वर्णन लिहितात ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल: रंग सावळा, बांधा मध्यम, उंची पाच फूट चार इंच, अंगात पांढरा सदरा, पायात निळी स्लिपर, भाषा तेलुगू व मराठी. यातल्या एकेका शब्दाचा उपयोग असतो. पायात स्लिपर असेल तर माणूस लांबच्या प्रवासाच्या तयारीनं निघालेला नसण्याची शक्यता जास्त. फक्त तेलुगू बोलणारी म्हातारी बार्शीकडच्या खेड्यात भरकटली तर तिचं कुणाला काही कळणार नाही आणि लोक तिला मुकी समजतील. म्हणून भाषा लिहितात.

मामांचंच सांगते. त्यांना विसराळूपणाचा आजार होता. आम्ही सगळे स्टेशन, सिद्धेश्वर मंदिर, नातेवाईक असं ओरडून सांगत होतो. हवालदारांनी मामीला विचारलं, "घरातून काय गेलंय का? नीट बघून या." मामी घरी गेली. स्वयंपाकघराच्या फळीवर तीन पुडांचा स्टीलचा डबा असायचा, तो नव्हता. तो डबा मामा निवृत्त झाल्यापासून कुणी वापरला नव्हता. सगळ्यांना एकदम कळलं, मामा कारखान्यातल्या पाळीला निघाले होते. पुढचा शोध स्टेशनकडे न जाता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेला, जिथं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली. संध्याकाळी सहाला ते एका बंद गेटाशेजारच्या मोरीच्या कठड्यावर बसलेले सापडले. डबा मांडीवर होता, रिकामा.

स्मृतिभ्रंश झालेली माणसं जुन्या कामाच्या, जुन्या घराच्या ओढीनं निघतात हे पोलिसांना माहीत असतं. ती बहुतेक वेळा फार लांब जात नाहीत. समोर दिसेल त्या वाटेनं चालत राहतात आणि काटेरी कुंपण, भिंत, नाला आडवा आला की तिथंच अडकतात. हाक मारली तर ओ देत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी आधी जुने पत्ते आणि मग शेवटच्या ठिकाणाभोवतीची झुडपं, पडक्या इमारती असा पायी शोध धरतात.

शेजारच्या केसला सगळं पथक धावलं आणि आमच्याला एक हवालदार. असं का?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि चिडणं साहजिक आहे. पोलीस प्रत्येक मिसिंगला जिवाला धोका किती आणि तो किती लवकर, या मापानं तोलतात. सहा वर्षांचं मूल, इन्सुलिनवर असलेला माणूस, घरात चिठ्ठी लिहून गेलेली व्यक्ती, ज्याच्यावर कुणी हात उचलण्याची शक्यता आहे असा माणूस, इथं पहिला तासच महत्त्वाचा असतो. तिथं बीट मार्शल, डीबी म्हणजे ठाण्याचं गुन्हे शोध पथक, गुन्हे शाखा, वायरलेसवर संदेश सगळं एकदम हलतं. तिशीतला धडधाकट माणूस बॅग भरून, एटीएममधून पैसे काढून गेला असेल तर शोध कागदावरून आणि फोनवरून चालतो. त्याला झुडपात शोधून उपयोग नसतो.

मात्र हे तोलणं तुमच्या सांगण्यावर उभं आहे. औषधाचं सांगितलं नाही तर वजन चुकतं. नवीन काही आठवलं तर पुन्हा जाऊन सांगा आणि पुरवणी जबाब लिहून घ्यायला लावा.

लहान मुलाच्या बाबतीत काय वेगळं?

बरंच. बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी आदेश दिला, की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलं असं धरून एफआयआर नोंदवायचा. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम ३६३ खाली नोंदवला जायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली. नुसती मिसिंगची नोंद करून कुणी परत पाठवत असेल तर एफआयआरची प्रत मागा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो.

प्रत्यक्ष शोधाचं म्हणाल तर अगदी लहान मुलांसाठी पोलीस आधी तुमच्याच घराची झडती घेतात. राग मानू नका. पलंगाखाली, पाण्याच्या टाकीत, धान्याच्या कोठीमागे, बंद पडलेल्या गाडीत मूल झोपलेलं सापडतं. रागावतील या भीतीनं ते हाकेला उत्तरही देत नाही. त्यानंतर शेजारची घरं, उघडी गटारं, बांधकामांचे खड्डे. विडी घरकुल किंवा गोदूताई वसाहतीत तर एकासारखी एक घरं, एकासारख्या गल्ल्या, मूल दोन गल्ल्या पलीकडे आपलं घर शोधत रडत बसतं. तिथं पोलिसांइतकाच उपयोग रिक्षावरच्या भोंग्याचा होतो, तोही तेलुगूतून.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहे. बदनामी होईल म्हणून मुलाचं नाव सांगू नये असं घरचे म्हणतात.

सांगा. हात जोडून सांगते, ठाण्यात जाऊन सांगा. ते नाव मिळालं तर पोलीस त्या मुलाचा नंबर, त्याची गाडी, त्याचा गाव यावर सरळ जातात. नाही मिळालं तर स्टेशनवरचे कॅमेरे बघण्यात दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत ती पुण्याच्याही पुढे गेलेली असते. मैत्रिणींना घरच्यांसमोर विचारू नका, त्या बोलत नाहीत. महिला अंमलदार एकट्यात विचारतात तेव्हा बोलतात. मुलगी सापडली की तिला बाल कल्याण समितीपुढं नेतात, तिची ओळख जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे.

घरातलं भांडण, कर्ज, मारहाण, परीक्षेचा निकाल, हेही तसंच. ज्याची लाज वाटते तेच बहुतेक वेळा दिशा दाखवतं.

मोबाईलचं लोकेशन लगेच का सांगत नाहीत?

फोन चालू असेल तर कंपनीकडून टॉवर कळतो, माणूस नाही. शहरात एका टॉवरची व्याप्ती काही शे मीटर, खेड्यात काही किलोमीटर. "मोहोळजवळ लोकेशन आलं" म्हणजे त्या टॉवरच्या पट्ट्यातली सगळी शेतं, वस्त्या आणि हायवे. फोन बंद असेल तर तो आत्ता कुठं आहे ते कळत नाही, शेवटचा टॉवर कळतो. तोही मोलाचा असतो, कारण तिथून पायी शोध आखता येतो.

ही माहिती आणि कॉलचा तपशील, ज्याला सगळे सीडीआर म्हणतात, कुणालाही मागता येत नाही. अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत कंपनीला पत्र जातं. जिवाला धोका आहे हे नोंदीत लिहिलेलं असेल तर ते लवकर सरकतं. हँडसेटचा आयएमईआय नंबर खोक्यावर किंवा बिलावर असतो, तो घेऊन जा. कार्ड बदललं तरी हँडसेटवरून माग लागतो.

घरच्या कॉम्प्युटरवर त्या माणसाचं जीमेल उघडं असेल तर पासवर्ड बदलू नका, फोनमधून अकाउंट निघून जाऊ शकतं. तसंच उघडं ठेवून तपासी अंमलदाराला दाखवा. यूपीआयचे व्यवहारही. दहा रुपयांचा चहा कुठल्या टपरीवर घेतला हे कधीकधी टॉवरपेक्षा नेमकं सांगतं.

सीसीटीव्ही?

दुकानातलं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवीन चढतं. म्हणून कॅमेऱ्यांचं काम पहिल्या दिवसाचं. कुठल्या दुकानाला कॅमेरा आहे याची यादी तुम्ही करून द्या, फुटेज पोलिसांनाच घेऊ द्या. कॅमेऱ्यातली वेळ चुकीची असते, दहा-वीस मिनिटांचा फरक सहज पडतो, तो आधी तपासावा लागतो.

श्वान पथक का आणत नाहीत?

आणतात, जिथं उपयोग आहे तिथं. कुत्र्याला ताजा माग लागतो. मे महिन्यात सोलापूरची जमीन दुपारी पाय ठेवू देत नाही. तापलेल्या डांबरावर, नवी पेठेसारख्या गर्दीत वास टिकत नाही. पहाटे, ओल्या शेतात, बांधावर तो जास्त वेळ राहतो. घरच्यांनी त्या माणसाचा न धुतलेला कपडा किंवा उशीचा अभ्रा स्वच्छ पिशवीत, स्वतः न चोळता-हाताळता ठेवावा. सगळ्या नातेवाइकांनी रडत छातीशी धरलेला सदरा कुत्र्याच्या कामाचा राहत नाही.

कुत्रं रस्त्यावर येऊन गोल फिरलं आणि थांबलं तर लोक म्हणतात, फुकट गेलं. पण माणूस तिथून वाहनात बसला असावा, असं त्यातून कळतं. मग पायी शोध आवरून रिक्षा, वडाप, एसटीकडे वळतात.

ड्रोन उडवला की झालं ना?

नान्नजच्या माळरानावर ड्रोन उत्तम, उघडं गवत, लांबवर दिसतं. पंढरपूर-माळशिरसच्या उसात तो जवळजवळ आंधळा. डोक्याच्या वर गेलेल्या उसाखाली माणूस पडला असेल तर वरून फक्त पानं दिसतात. उष्णता टिपणारा कॅमेराही उन्हाळ्याच्या दुपारी फसतो, कारण जमीन आणि दगड माणसाच्या अंगाएवढे किंवा त्याहून जास्त तापलेले असतात. असा ड्रोन उडवायची वेळ म्हणजे पहाट.

एकदा शोधलेल्या शेतात पुन्हा का जातात?

कारण एकदा शोधलं म्हणजे तिथं कुणी नाही असं होत नाही. ऊस असलेल्या एकरात दहा माणसं शिरली तर प्रत्येकाला आपली सरी आणि शेजारची एखादी दिसते. मधलं सुटतं. जागा शोधली की तिथं माणूस असण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. दाट जागेत ती थोडीच कमी होते, उघड्या माळावर खूप. म्हणून उसात दुसरी फेरी आडवी मारतात. दुसऱ्या बाजूचं सगळं शोधून रिकामं निघालं की पहिल्या जागेचं वजन पुन्हा वाढतं. दुसरी फेरी निघाली की घरच्यांना वाटतं, पोलिसांना काही सुचत नाही म्हणून तेच तेच करतायत. तसं नसतं.

गावात पोलीस पाटलाला आणि शेतमालकाला बरोबर घ्या. कुठली विहीर बुजवली आणि कुठली नुसती झाकली हे त्यांनाच ठाऊक.

विहीर, तलाव, नदीत शोध कधी घेतात?

काठावर चप्पल, गाडी, कपडे, मोबाईल मिळाला, कुणी पाहिलं, किंवा शेवटचा टॉवर पाण्याजवळचा असला की. नुसत्या शंकेवर हिप्परग्याचा एकरुख तलाव धुंडाळणं शक्य नसतं. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं मात्र लहान मूल हरवलं की लगेच बघतात, त्याच्या कडा इतक्या निसरड्या की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

पाण्यात आधी अग्निशामक दल आणि स्थानिक पोहणारे उतरतात. भीमेकाठच्या मच्छीमारांना प्रवाह कुठं माणूस नेऊन टाकतो ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पाणी मोठं असेल तर पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून एनडीआरएफला, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला, बोलावतात. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट उलटली, सहा जण बुडाले. एनडीआरएफ आलं, तरी मृतदेह हाती लागायला २३ मे उजाडला. खोल, गढूळ पाण्यात पाणबुड्याला हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. अंधारात त्याला उतरवत नाहीत, त्यामागं निष्काळजीपणा नसतो, त्याचाही जीव असतो. घरच्यांना ती रात्र काठावर काढावी लागते. त्या रात्रीसाठी माझ्याकडे काही उपाय नाही, बरोबर बसते एवढंच.

गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीला हरवलं तर?

तिथं वेगळी पद्धत. लोकेशन वगैरे नंतर. आधी मदत केंद्र आणि माईकवरून पुकारा, कारण गर्दीत हरवलेला माणूस बहुतेक तिथंच फिरत असतो. घरातल्या एकानं शेवटच्या जागेवरून हलायचं नाही. मुलाच्या खिशात नंबराची चिठ्ठी हवीच, पंढरपुरात म्हाताऱ्यांच्याही.

पैसे न घेता रागावून गेलेला माणूस कुठं शोधतात?

जिथं फुकट जेवायला आणि झोपायला मिळतं तिथं. आपल्याकडे अक्कलकोटचं अन्नछत्र, तुळजापूर, पंढरपूर, कर्नाटकातलं गाणगापूर. शिवाय रेल्वे: होटगीहून विजयपूरकडे, कुर्डूवाडीहून लातूर आणि मिरजेकडे, सरळ गेलं तर कलबुर्गी, वाडी, हैदराबाद. म्हणून शोधपत्रक मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूत करून द्या. पोलीस पाठवतात ते मराठीत असतं, सीमेपलीकडच्या ठाण्यात ते वाचणारा असेलच असं नाही. पद्मशाली घरांचे तेलंगणातले नातेवाईक हे तर तयार जाळंच आहे, त्यांना पहिल्या दिवशीच कळवा.

जाताना तो जगण्याला कंटाळल्याचं बोलला असेल तर "रागावून गेला" असं म्हणू नका, नेमके शब्द सांगा. शोधाची सगळी घाई त्या शब्दांवर ठरते. घरी परतल्यावर आणि तुमच्या स्वतःसाठीही टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

सिव्हिलला जाऊन बघायचं का?

हो, पहिल्याच दिवशी, आणि आधी अपघात विभागात. बेशुद्ध आलेला रुग्ण "अनोळखी" म्हणून दाखल असतो. शवागारात जायची वेळ आली तर आईला किंवा बायकोला नेऊ नका, धीराचा माणूस न्या. चेहऱ्यावरून ओळख पटत नसेल तर आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए जुळवतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा का?

टाका, पण ठाण्याचा नंबर आणि एकच घरचा नंबर देऊन. अंगावरची एक खूण मात्र लपवून ठेवा. "तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, गाडीभाड्याला पाच हजार पाठवा" असे फोन येतात, मी स्वतः ऐकलेत. ती खूण विचारा, व्हिडिओ कॉल मागा. पैसे पाठवू नका आणि तो नंबर तपासी अंमलदाराला द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन करा.

तपास थंडावला असं वाटलं तर?

तपासी अंमलदाराचं नाव आणि मिसिंग क्रमांक घेऊन आठवड्यातून एकदा जा, काय झालं विचारण्याबरोबर काहीतरी नवीन सांगायला घेऊन जा. मग वरिष्ठ निरीक्षक, मग आयुक्त किंवा अधीक्षक. कुणी डांबून ठेवल्याचा आधार असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे त्या माणसाला न्यायालयापुढं हजर करा असा, अर्ज करता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं, मुंबईची वारी वाचली.

सापडला, पण घरी यायला तयार नाही.

अठरा पूर्ण असतील तर पोलीस जबाब घेतात आणि मिसिंग बंद करतात. पत्ता सांगायचा की नाही हे त्या व्यक्तीच्या हातात. आईबापांना हे फार लागतं. पण तो जिवंत आहे, सुखरूप आहे, एवढं पोलीस सांगतात. एक वडील ते ऐकून ठाण्याच्या पायरीवरच बसले आणि म्हणाले, "जेवतोय का, एवढं विचारा." अंमलदारांनी फोन लावून विचारलं.

वर्षानुवर्षं पत्ता नसेल तर?

सात वर्षं ज्यांना कळायला हवं होतं त्यांनाही काही कळलं नाही, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ नुसार न्यायालय मृत्यू गृहीत धरू शकतं. विमा, पेन्शन, जमीन यासाठी ते लागतं. मिसिंगची जुनी नोंद हाच त्याचा मुख्य पुरावा, तिची प्रत जपून ठेवा.

घरी आला. आता काय?

ठाण्यात घेऊन जा, जबाब द्या, मिसिंग बंद करून घ्या, नाहीतर पोलीस शोधतच राहतात. मग ज्या ज्या ग्रुपवर फोटो टाकला तिथं "सापडले" लिहा आणि फोटो काढून टाका, मुलीचा असेल तर त्याच तासात. मामीनं मामांच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला आतून कापडाची पट्टी शिवली आहे, त्यावर धुतलं तरी न जाणाऱ्या शाईनं दोन नंबर आहेत, आणि तो डबा आता रोज सकाळी भरून त्यांच्या हातात देतात. गल्लीच्या टोकापर्यंत मामी बरोबर जाते.